हप्त्याशेजारी आणखी एक डबा
(सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)



आम्ही कोल्हारच्या बचत गटातल्या बायका. आज गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हटलं की आपण म्हणतो, ते पुरुषांचं खातं. पण कर्जाच्या कागदावर सही कुणाची असते? हप्त्याची तारीख कोण लक्षात ठेवतं? आपणच. मग गाडीच्या सर्व्हिसचा हिशेबही आपल्याच वहीत यायला हवा.

नगर-मनमाड रस्ता आपल्या गावातून जातो. एका अंगाला बाभळेश्वर, राहाता, शिर्डी. दुसऱ्या अंगाला प्रवरेचा पूल ओलांडला की राहुरी आणि नगर. शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेले भाविक आपल्याच दारावरून जातात. त्यांना नेण्या-आणण्यावर आपल्याकडची बरीच घरं चालतात. अशा घरात गाडी म्हणजे दुभती म्हैस. ती आठ दिवस गॅरेजात बसली तर कमाई थांबते, हप्ता मात्र थांबत नाही.

आता पहिला प्रश्न. सर्व्हिस किती दिवसांनी करायची? गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात याचं उत्तर छापलेलं असतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधारण 10 हजार किलोमीटर किंवा 1 वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असा नियम असतो. 'जे आधी येईल ते' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरची गाडी भाड्यानं फिरते, महिन्याला 1,500 किलोमीटर. तिचे 10 हजार सहा-सात महिन्यांत भरतात. तिनं वर्षाची वाट बघायची नाही. दुसऱ्या घरची गाडी झाडाखाली उभी असते. बाजार, लग्नकार्य, दवाखाना एवढ्यापुरती बाहेर पडते, महिन्याला 300 किलोमीटर. किलोमीटर मोजत बसलं तर तिची पाळी यायला पावणेतीन वर्षं लागतील. पण ऑइल नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं. शिवाय जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे ऑइलात ओल धरते. म्हणून तिला वर्षाला एकदा सर्व्हिस लागतेच.

आणखी एक गोष्ट. पुस्तकातला आकडा चांगल्या रस्त्यासाठी असतो. धूळ, खड्डे, जड ओझं, थांबत-थांबत चालणं असेल तर सर्व्हिस लवकर करा, असंही त्याच पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत जावं लागतं. कच्च्या रस्त्याची धूळ वेगळी. एअर फिल्टर धुळीनं भरला की इंजिनाला श्वास घेता येत नाही आणि पेट्रोल-डिझेल जास्त जातं. जात्याला वेळेवर टाकी लावली नाही तर हात दुखतात आणि पीठही जाडंभरडं पडतं. गाडीचं तसंच आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. आम्ही गटात हा हिशेब किलोमीटरवर मांडला. समजा एका सर्व्हिसला 6 हजार रुपये लागले आणि ती 10 हजार किलोमीटरला आली, तर किलोमीटरला 60 पैसे झाले. समजा चार टायर 20 हजारांना पडले आणि 40 हजार किलोमीटर चालले, तर आणखी 50 पैसे. ब्रेक, बॅटरी, अलाइनमेंट यांचे 40 पैसे धरा. झाला दीड रुपया. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, जुन्या बिलांवरून ते काढा. पण रीत हीच. महिन्याला 1,500 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीसाठी 2,250 रुपये बाजूला पडले पाहिजेत. हप्त्याच्या डब्याशेजारी हा दुसरा डबा. त्यातले पैसे किराण्याला काढायचे नाहीत.

हा डबा नसला की काय होतं? आमच्या एका मैत्रिणीच्या घरी ब्रेक लावला की चर्र आवाज यायचा. 'पुढच्या महिन्यात बघू' करत तीन महिने गेले. ब्रेक पॅड झिजून लोखंडाला लोखंड घासलं आणि डिस्कही खराब झाली. नुसत्या पॅडवर भागलं असतं, तिथे कितीतरी पट बिल आलं. पैशाचं सोडा. त्या तीन महिन्यांत त्याच गाडीतून लेकरं शाळेत जात होती आणि रात्री-अपरात्री भाडं घेऊन घरधनी याच रस्त्यावर होता. आवाज पहिल्यांदा आला त्याच दिवशी गाडी दाखवायला हवी, हे आता गटात सगळ्यांना पाठ झालंय.

तिसरी गोष्ट गॅरेजातली. नव्या गाडीची 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर यांचे पैसे लागतातच, त्यामुळे बिल बघून दचकू नका. मात्र ही सर्व्हिस चुकवूही नका, पुस्तकात शिक्का नसला तर वॉरंटीच्या वेळी अडचण येते. काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च लिहून मागा. इंजिन फ्लश, कोटिंग, पॉलिश असं काही सांगितलं तर शांतपणे एकच विचारा, 'हे पुस्तकात लिहिलंय का?' नसेल तर 'आज नको' म्हणा. बदललेला जुना पार्ट परत मागा. मागायला लाजू नका, पैसे आपण मोजलेले असतात.

काही कामं घरीच होतात. सकाळी इंजिन गार असताना ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची पातळी बाटलीवर बाहेरूनच दिसते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही त्यात ओतू नका, आपल्या हंड्याला बसतो तसा क्षार आत बसतो. पंधरा दिवसांनी टायरची हवा तपासा, स्टेपनीचीसुद्धा. किती हवा भरायची ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच 1.6 मिलिमीटरच उरली, टायर बदलायलाच हवा. पावसाळ्याआधी हे बघाच. ब्रेक ऑइल मात्र बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी गॅरेजातच बदलून घ्यायचं.

आणि एक गैरसमज. पीयूसी काढली, विमा भरला म्हणजे गाडी ठीक, असं नाही. पीयूसीत फक्त धूर तपासतात, ब्रेक कुणी बघत नाही. विमा अपघात झाल्यावर कामाला येतो. अपघात टळावा म्हणून सर्व्हिस असते.

तर मैत्रिणींनो, आज रेडिओ बंद केल्यावर एवढं करा. वहीचं एक कोरं पान घ्या. गाडीचं आजचं किलोमीटर, मागच्या सर्व्हिसचं किलोमीटर आणि तारीख लिहा. खाली पुढची तारीख लिहा आणि ती गाडी चालवणाऱ्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, 'तुला काय कळतंय त्यातलं?' तेव्हा पान पुढे करा.