तांबडा दिवा आणि रुग्णवाहिका

भर वर्दळीच्या चौकात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यावा आणि पुढची गाड्यांची रांग मात्र तांबड्या दिव्याकडे पाहत स्तब्ध उभी राहावी, हे दृश्य आपल्यापैकी कोणास अपरिचित आहे? आपण पुढच्या माणसास निष्ठुर म्हणून मोकळे होतो. पण तो बिचारा सरकणार कोठे? २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा योग्यच आहे. परंतु जेथे तसूभर जागा नाही, तेथे दंडाच्या भयाने गाडी काही हवेत उडत नाही! वाट मोकळी करावयाची ती दिव्यानेच.

ही कल्पना जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी विजेचे सिग्नल लागले, तेव्हाच बंबासाठी ते हाती घेण्याची सोय त्यांत होती.

मात्र ऐनवेळी दिवा हिरवा करून भागत नाही. रांगेतील प्रत्येक गाडीस चौक ओलांडावयास सुमारे २ सेकंद लागतात. एका ओळीत २० गाड्या असल्या, तर ४० सेकंद हवेत. (आपल्याकडे ओळ ही कल्पनाच, दुचाक्या फट दिसेल तेथे शिरतात.) ताशी ३६ किलोमीटर वेगाची रुग्णवाहिका तेवढ्यात ४०० मीटर येते. म्हणजे ती दृष्टीस पडण्यापूर्वीच दिव्यास तिची वर्दी मिळावयास हवी. त्यातच काठी टेकीत रस्ता ओलांडणारी एखादी वृद्धा अर्ध्यावर असेल, तर तिला पलीकडे पोहोचू दिलेच पाहिजे. प्रकाशाच्या झोताने इशारा देणारी साधने आहेत, पण मध्ये बस आली की झोत अडतो. उपग्रहांच्या साहाय्याने गाडीचा ठाव घेऊन पुढचे दिवे आधीच बदलणे, हा मार्ग आपल्या रस्त्यांना अधिक मानवेल असे मला वाटते.

पुढचे चौक आधीच मोकळे असले, तर काय साधते? जून २०१४ मध्ये चेन्नई येथे प्रत्यारोपणासाठी एक हृदय सुमारे १२ किलोमीटर अंतर १४ मिनिटांच्या आत नेण्यात आले. त्या दिवशी वाटेवर पोलीस सज्ज होते. पण मध्यरात्री छातीत कळ आलेल्या सामान्य माणसासाठी एवढा बंदोबस्त कोण ठेवणार? त्याच्या वाटेवर असतो तो दिवाच, आणि त्या दिव्यास आज बहुतेक ठिकाणी मागून कोण येत आहे हे कळत नाही.