जुन्या सॅक्सोफोनचे वय, गुण आणि मोल



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहिले की मजुरी, महागाई आणि बोनस यांवर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही आज सॅक्सोफोनवर बोलणार आहोत. पण विषय सोडला असे कोणी समजू नये. वरातीपुढे चालणारा बँडवाला हाही मजूरच आहे. सुताराला रंधा, विणकराला माग, तसे त्याला हे वाद्य. ज्याला आपल्या हत्याराची किंमत कळत नाही, त्याच्या श्रमाची किंमतही दुसराच कोणी ठरवतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि चातुर्मास लागला की थांबते. त्या चार महिन्यांत घरात वाद्य असते, पण डब्यात पीठ नसते. मग वाद्य गहाण पडते, नाही तर मोडीत जाते. आल्टो सॅक्सोफोन वजनाला अडीच किलोच्या आसपास भरतो. भंगारवाल्याच्या तराजूला तेवढीच भाषा येते. उलट, मालक जेव्हा उचलीपोटी एखादे जुने वाद्य वादकाच्या गळ्यात अडकवतो, तेव्हा तोच माल विलायती ठरतो. देताना विलायती आणि घेताना पितळ! ऊसतोडीची उचल पाहिलेल्या जिल्ह्याला हा हिशेब फोडून सांगायला नको.

यावर उपाय एकच. वाद्य आपण स्वतः पारखावे. संबळाच्या चामड्यावर बोट मारून त्याचा कस सांगणारी माणसे आपल्या तुळजापुरात आहेत. तीच नजर इथे लावायची.

पहिला प्रश्न वयाचा. बेल्जियमच्या दिनां गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्स याने हे वाद्य घडवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हा 'दोनशे वर्षांपूर्वीचा' सॅक्सोफोन कोणी दाखवला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. खरे वय वाद्याच्या पाठीवर असते. उजवा अंगठा जिथे टेकतो, त्या आकड्याच्या आसपास बहुधा नंबर ठोकलेला असतो. मोठ्या कंपन्यांचे कोणत्या वर्षी कोणते नंबर निघाले, याचे तक्ते आज कोणालाही पाहता येतात.

पण नंबर आणि तारीख यांत गल्लत होते. अमेरिकेतल्या कॉन कंपनीच्या अनेक वाद्यांवर '८ डिसेंबर १९१४' अशी तारीख आढळते. ती त्या वाद्याची जन्मतारीख नव्हे. स्वरछिद्रांचे काठ नळीच्याच पत्र्यातून ओढून काढण्याच्या युक्तीचे पेटंट त्या दिवशी मिळाले, एवढाच तिचा अर्थ. पुढे कित्येक वर्षे तीच तारीख ठोकली जात होती. म्हणून तारीख वाचून भाव देणारा फसतो.

नंबर पुसला असेल तर घडण साक्ष देते. डाव्या अंगठ्यापाशी सप्तक बदलण्याच्या दोन वेगळ्या चाव्या असतील, तर वाद्य फार जुन्या घडणीचे आहे. कर्ण्यावरची खर्जाची दोन मोठी झाकणे डाव्या अंगाला किंवा दोन बाजूंना एकेक असतील, तर घडण जुनी समजावी. ती दोन्ही उजवीकडे नेण्याची रीत फ्रान्सच्या सेल्मर कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यात आणली आणि हळूहळू सर्वांनी उचलली. कर्ण्यावर कोरलेले नाव मात्र शेवटी पाहावे. एकच कारखाना निरनिराळ्या दुकानांच्या नावांनी माल काढी. आणि नाव कोरायला एक छिन्नी पुरते.

दुसरा प्रश्न गुणाचा. अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत लहानसा दिवा सोडावा आणि सगळी झाकणे मिटावीत. जिथून उजेड झिरपेल, तिथून वाराही जाणार. वीसहून अधिक झाकणांखालचे चामड्याचे पॅड झिजतात, ते बदलता येतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. भिण्यासारखे आहे ते वेगळे. मान खाली दबलेली आहे काय? मुख्य नळी वाकलेली आहे काय? चाव्यांच्या दांड्या हातात खुळखुळतात काय? कुठे डाख देऊन भेग झाकली आहे काय? आणि वाद्य फारच लखलखत असेल, तर नंबर आणि नक्षीच्या रेषा बोटाने चाचपाव्यात. त्या बुजट लागल्या, तर घासून घासून वरचे पितळ उडवले आहे. डाग असलेले मूळ अंग हे अशा उसन्या झिलईपेक्षा केव्हाही भले.

याहून मोठी खोट डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी उंच स्वराची आणि खालच्या स्वराची, अशी दोन जातींची वाद्ये निघत. आज 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात; अमेरिकेतील जुन्या उंच जातीत तो ४५७ च्या आसपास असे. अशा वाद्यांवर नंबराजवळ पुष्कळदा इंग्रजी 'एच' अक्षर असते, दुसऱ्यांवर 'एल'. उंच जातीचे वाद्य दिसायला देखणे असले तरी पथकातल्या इतर वाद्यांशी त्याचा मेळ बसत नाही. माऊथपीस मागेपुढे करून एवढे अंतर भरून निघत नाही. ते कपाटात शोभेल. त्यावर पोट भरणार नाही.

तिसरा प्रश्न मोलाचा. जुने म्हणजे मोलाचे, हा भ्रम आहे. सेल्मरने १९५४ साली काढलेल्या 'मार्क सिक्स'ला जगभर मागणी आहे, ती त्याच्या आवाजासाठी आणि हाताला बसणाऱ्या चाव्यांसाठी. त्याच काळातली इतर किती तरी वाद्ये स्वस्तात जातात. आपल्याकडच्या पथकांत मेरठच्या जळी कोठीची वाद्येही वाजतात. त्यांना विलायती भाव नसला तरी मोडीचाही भाव नाही. हिशेब सरळ आहे. त्याच जातीचे, वाजते वाद्य कितीला मिळते ते विचारावे; त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा; उरेल ते मोल. तराजू या हिशेबात कुठेही येत नाही.

मंडळी, हे ज्ञान एकट्याच्या खिशात राहिले तर एकाच घराचे भले होईल. म्हणून आमची बँडवाल्यांना तीन कामांची विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या वाद्याचा नंबर वहीत लिहून घरच्यांनाही दाखवून ठेवावा, म्हणजे वादकामागे त्याच्या बायकोला कोणी पितळाचा भाव सांगणार नाही. गहाणाच्या पावतीवर आणि उचलीच्या कागदावर नंबर व ठरलेली किंमत लिहून घ्यावी. आणि खरेदी-विक्रीच्या वेळी पथकातल्या दोन जाणत्या वादकांनी सोबत जावे; एकट्याला दटावता येते, तिघांना तितके सोपे नाही.

कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी हेच परदेशी वाद्य कर्नाटक संगीताच्या बैठकीत मानाने बसवले. वाद्याला मान वादकाने दिला. आता त्या वाद्याचा दामही वादकाच्याच तोंडून ठरावा, एवढेच आमचे मागणे आहे.