पायांची चाळिशी



माणसाचें वय चाळीसच्या घरांत आलें म्हणजे त्याच्या नाकावर जो चष्मा चढतो, त्यालाही आपण 'चाळिशी'च म्हणतों. या शब्दांत उपहास नाहीं. वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचणाऱ्या गृहस्थाला घरचीं माणसेंच म्हणतात, "आतां चाळिशी लावून घ्या." तो ती लावतो, आणि वयाची ही खूण सर्वजण आदरानें मान्य करतात. परंतु याच गृहस्थानें काळे चामडी बूट कोपऱ्यांत सारून, जाड मऊ तळाचे पांढरे स्नीकर पायांत घातले आणि तसाच तो कचेरींत गेला, तर "काय, शिंगें मोडून वासरांत शिरण्याचा बेत दिसतो!" असा शेरा त्याला ऐकावा लागतो. डोळ्यांच्या चाळिशीला मान आणि पायांच्या चाळिशीला हंसें, असा भेद कां व्हावा, याचा आज आपण थोडा विचार करूं.

या हंशाच्या मुळाशीं एक समजूत आहे. चामडी बूट म्हणजे प्रौढपणा आणि कापडी-रबरी बूट म्हणजे पोरवय, अशी ती समजूत. आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत ती शाळेंतच रुजली. कवायतीच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट असत. पुढें नोकरी लागली, पहिला पगार हातीं आला, आणि काळा चामडी जोड घरांत आला. तो जोड म्हणजे आपण कर्ते झाल्याची साक्ष होती.

परंतु चामडी बुटाची ही प्रतिष्ठा अनादि नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, लॉर्ड डलहौसी गव्हर्नर-जनरल असतां, सरकारी कचेरींत शिरतांना हिंदी माणसानें जोडे बाहेर काढावे, हा नियम कडक करण्यांत आला. ज्यानें युरोपियन पोशाख केला असेल, त्याला मात्र त्यांतून सूट होती. १८६२ सालीं सुरतेच्या फौजदारी अदालतींतले असेसर माणेकजी कावसजी एंटी यांनीं सेशन्स न्यायाधीशापुढें जोडे काढण्याचें साफ नाकारलें. त्यांना न्यायालयांत येण्यास मज्जाव झाला, तेव्हां त्यांनीं आपली तक्रार थेट मुंबईच्या गव्हर्नरांकडे लेखी धाडली. आपल्या गांवगाड्यांतली स्थिति तरी कोठें निराळी होती? ज्यांनीं कातडें कमवावें आणि जोडा शिवावा, त्यांनींच तो पायांत घालून वरिष्ठ जातीच्या वाड्यावरून जाऊं नये, असा येथला निर्बंध होता. म्हणजे पायांत काय आहे यावरून माणसाची पायरी ठरविण्याची खोड जुनीच आहे. विलायती बुटाला जो मान मिळाला, तो चामड्याच्या गुणापेक्षां दाराशीं न अडविलें जाण्याच्या सवलतीमुळें मिळाला. ती सवलत देणारें राज्य १९४७ सालीं गेलें. बुटाचा दरारा मात्र मागें राहिला.

आतां स्नीकरची कुळकथा पाहा. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला १८३९ सालीं असें आढळलें, कीं गंधक मिसळून तापविलें असतां रबर दोन्ही ऋतूंत टिकतें. या शोधामुळेंच रबरी तळाचे हलके बूट पुढें शक्य झाले. त्यांचा पाय वाजत नसे. म्हणून चोरपावलांनीं जाणें या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्यांना 'स्नीकर' हें नांव पडलें. १९१७ सालीं कॉन्व्हर्स कंपनीनें बास्केटबॉलसाठीं आपला 'ऑल स्टार' बाजारांत आणला. तोंपर्यंत हे बूट आणि तेव्हांपासूनही पुष्कळ वर्षें हे बूट मैदानावरचेच होते.

ते रस्त्यावर आणि कचेरीपर्यंत कसे आले, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८० च्या एप्रिलांत न्यूयॉर्कमध्यें बसगाड्यांच्या व भुयारी रेल्वेच्या कामगारांनीं ११ दिवस संप केला. कामावर तर जावयाचेंच होतें. तेव्हां कोट-पाटलोण केलेले पुरुष आणि कचेरीच्या पोशाखांतल्या स्त्रिया कचेरीचे जोडे पिशवींत टाकून, खेळाचे बूट चढवून मैल-मैल पायीं जाऊं लागल्या. संप मिटला, परंतु पुष्कळांची, विशेषतः स्त्रियांची, ही संवय सुटली नाहीं. त्यांत तरुण दिसण्याची हौस नव्हती. त्यांना चालावयाचें होतें, एवढेंच.

आणि वासरांत शिरल्याचा आरोप कोणी कोणावर करावा, हेंही एकदां तपासून पाहावें. आज कॉलेजांतलीं मुलें मोठ्या ऐटीनें जो पांढरा 'स्टॅन स्मिथ' घालतात, त्याचा मूळ आराखडा १९६५ च्या सुमाराचा आहे. १९७२ सालीं विम्बल्डन जिंकणाऱ्या स्टॅन स्मिथचें नांव त्यावर पुढें आलें. मायकेल जॉर्डनच्या नांवाचा जोडा १९८५ सालीं विक्रीस निघाला, म्हणजे त्या जोड्यालाही आतां चाळिशी लागली! ऑल स्टारनें तर शंभरी ओलांडली आहे. तेव्हां मुलगा बापाच्या काळचे जोडे घालतो, आणि बापानें ते घातले तर मात्र तो मुलाची नक्कल करतो, हा न्याय मोठा विचित्र म्हणावा लागेल.

परंतु मान-अपमानाची गोष्ट बाजूला ठेवून थोडें पायाकडे पाहूं. एका पावलांत २६ हाडें असतात. टांचेखालीं निसर्गानें चरबीची एक उशी दिलेली असते. वयाबरोबर तिची लवचिकता कमी होत जाते. हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल पडतात, पावलाची कमान थोडी खचते, आणि पाऊल पूर्वीपेक्षां लांब व रुंद होतें. पंचविसाव्या वर्षीं जें माप होतें, तेंच पन्नासाव्या वर्षीं राहील असें नाहीं. सकाळीं बिछान्यांतून उठून पहिलें पाऊल टाकतांच टांचेंत जी कळ निघते, ती चाळीस ते साठ या वयांतच अधिक आढळते. लोकलगाडी गांठण्यासाठीं रेल्वेच्या पुलाचे जिने चढणारा कारकून, वर्गांत दिवसभर उभी राहणारी शिक्षिका, ओट्यापाशीं तासन् तास उभी असलेली गृहिणी यांना ही कळ ओळखीची आहे. अशी एकादी शिक्षिका साडीखालीं मऊ तळाचे बूट घालून निघाली, तर तिच्या पदरापेक्षां तिच्या पायांकडे पाहून हंसणाऱ्यांनीं एक दिवस तिच्या पायांनीं उभें राहून पाहावें.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जो बूट फॅशनेबल, तो पायाला सुखकर असतोच असें नाहीं. पुष्कळ नांवाजलेल्या स्नीकरांचा तळ पातळ व सपाट असतो. तो दिसतो छान, परंतु दुखऱ्या टांचेला त्याचा आधार मिळत नाहीं. म्हणून जोडा आरशांत पाहण्यापूर्वीं हातांत घेऊन पाहावा. टांचेचा भाग दाबला असतां तो सहज चेपूं नये. बूट वांकविला असतां तो बोटांच्या मुळाशीं वांकावा, मध्येंच दुमडूं नये. आंगठ्यापुढें बोटभर जागा असावी. खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसभरानें पाय थोडे सुजलेले असतात. आणि दोन्ही पावलांचीं मापें घेऊन मोठ्या पावलाच्या मापाचा जोड घ्यावा.

दुसरी गोष्ट जपणुकीची. कित्येक हौशी गृहस्थ महागडा जोड आणतात आणि तो मळेल म्हणून खोक्यांतच ठेवतात. त्यांना हें ठाऊक नसतें, कीं यांतील पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेन नांवाचा फेंस असतो, आणि हवेंतल्या ओलाव्यानें तो आपोआप विरत जातो. मुंबईसारख्या दमट हवेंत कांहीं वर्षांनीं खोकें उघडावें, तों तळाचा भुगा हातीं येतो. वहाणेची जागा पायांत, असें आपली म्हण दुसऱ्या अर्थानें सांगते. या बुटांच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे.

तिसरी गोष्ट औचित्याची. कोणाच्या घरीं दुःखाच्या प्रसंगीं जातांना पायांत भडक रंगाचे बूट नसावे. येथें प्रश्न वयाचा नाहीं. समोरच्या माणसाच्या मनाचा आहे. वीस वर्षांच्या मुलालाही हा विवेक हवा आणि साठ वर्षांच्या गृहस्थालाही. प्रौढपणा असलाच तर तो या विवेकांत आहे, चामड्यांत नाहीं.

आपल्या भाषेंत 'जोडे झिजविणें' असा एक वाक्प्रचार आहे, आणि त्यांत मोठें दैन्य भरलेलें आहे. नोकरीसाठीं, मुलांच्या शाळाप्रवेशासाठीं, एकाद्या दाखल्यासाठीं आपण दुसऱ्यांच्या दारीं जोडे झिजवीत तारुण्य घालविलें. तेव्हां पाय दुखतात असें म्हणावयास सवड नव्हती. आतां मध्यान्ह उलटली आहे; पाय आपलें गाऱ्हाणें सांगूं लागले आहेत. त्यांचें ऐकून, लोकांच्या हंशाची फिकीर न करतां, त्यांना मानवेल असा जोड घ्यावा. रंग आवडीचा असला तर उत्तमच. आणि मग तो खोक्यांत न ठेवतां, रोज सकाळसंध्याकाळ, कोणाच्या दाराकडे नव्हे तर मोकळ्या रस्त्यानें, मनसोक्त झिजवावा.