थांबलेले हृदय आणि प्रतीक्षेची १० मिनिटे



अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेले नातेवाईक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, खरोखरच सारे संपले का?" या प्रश्नाचे उत्तर किती जबाबदारीचे आहे, याविषयी आज मी थोडे बोलणार आहे.

हृदयक्रिया बंद पडली की छातीवर दाब देऊन, कृत्रिम श्वास व औषधे देऊन ती पूर्ववत करण्याचा प्रयत्न होतो. हा प्रयत्न निष्फळ ठरून थांबविल्यानंतर अत्यंत क्वचित रक्ताभिसरण आपोआप परत सुरू होते. १९८२ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा रुग्णांची नोंद केली. पुढे १९९३ मध्ये बायबलमधील लाझारसच्या कथेवरून या घटनेला नाव मिळाले. १९८२ ते २०१८ या काळातील ६५ रुग्णांचा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८ जण पूर्ण बरे झाले होते.

यात दैवी चमत्कार नाही. कृत्रिम श्वास फार वेगाने दिला गेल्यास हवा फुप्फुसांत कोंडते, छातीतील दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारे रक्त अडते. प्रयत्न थांबताच हवा बाहेर पडते, हृदय भरू लागते आणि शिरेतून दिलेले औषधही तेथे उशिरा पोहोचते. तज्ज्ञ जी कारणे सांगतात, त्यांपैकी हे एक प्रमुख आहे.

म्हणूनच प्रयत्न थांबविल्यानंतर किमान १० मिनिटे नाडी व ईसीजी यांवर लक्ष ठेवावे आणि मगच मृत्यू घोषित करावा, असा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात.

मात्र या माहितीतून खोटी आशा निर्माण होऊ नये. जीवनाधार उपचार विचारपूर्वक थांबविलेल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास कॅनडा, चेक प्रजासत्ताक व नेदरलँड्स येथे झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींच्या हृदयाची हालचाल थांबून पुन्हा दिसली. पण सर्वांत दीर्घ खंड ४ मिनिटे २० सेकंदांचा होता आणि त्यांपैकी एकही रुग्ण शुद्धीवर आला नाही. मॉनिटरवर उमटलेली एखादी रेघ म्हणजे परतलेले जीवन नव्हे.

आप्तेष्टांना माझी नम्र विनंती आहे : डॉक्टर शांतपणे घड्याळाकडे पाहत उभे असतील, तर ती दिरंगाई समजू नये. रुग्णाला दिलेला तो अखेरचा न्याय असतो. आणि त्या वेळी काय चालले आहे हे आपल्याला सोप्या शब्दांत सांगणे, हे आम्हां डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

देणगीदारहो, आपल्या औदार्यातून यंत्रे येतात, खाटा वाढतात. ही १० मिनिटे मात्र विकत आणावी लागत नाहीत. ती श्रीमंत-गरीब असा भेद न करता प्रत्येक रुग्णाला मिळालीच पाहिजेत.