अंगणातला पाऊस आणि घरातली वही
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेत शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज पावसावर बोलणार आहे. परंतु तोही शिक्षणाचाच विषय आहे. गेली अठरा वर्षे मी घराच्या अंगणात पाऊस व तापमान मोजून वहीत लिहीत आलो आहे. या उद्योगाला खर्च थोडा, वेळ रोजचा पाच मिनिटांचा. नेम मात्र मोठा लागतो.

प्रथम आपल्या बेळगावला याची गरज काय, ते सांगतो. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सत्तरएक किलोमीटरवर, बेळगावात, तो तेराशेच्या घरात येतो. आणि पूर्वेला गोकाकपर्यंत जावे तो बेळगावच्याही निम्म्याहून कमी होतो. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्री चढताना थंड होतात, आपले ओझे घाटमाथ्यावर टाकतात आणि हलके होऊन पुढे सरकतात. म्हणजे आपण पावसाच्या एका उतरणीवर राहतो. सांबऱ्याला जितका पडला तितकाच त्या दिवशी येळ्ळूरच्या शिवारात पडला असे धरून चालता येत नाही. धूळवाफेवर भात पेरून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला जिल्ह्याची सरासरी काय कामाची? त्याला आपल्या बांधावरचा पाऊस हवा.

शिवाय पावसाच्या बाबतीत आपली आठवण फार लबाड असते. "आमच्या लहानपणी आठवडा आठवडा ऊन दिसत नसे," असे प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपण सर्वांनी पाहिला. तो जोराचा पाऊस नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला, असे आज एकाच गल्लीतल्या पाच जणांना विचारा. पाच उत्तरे मिळतील. वही एकच उत्तर देते. हवामानावर आधारलेल्या पीकविम्याची भरपाई नेमून दिलेल्या केंद्रावरील आकड्यांवरून ठरते. घरच्या वहीला तेथे कायद्याचे वजन नाही, हे मी स्पष्ट सांगतो. परंतु केंद्राचा आकडा आपल्या शिवाराशी जुळत नाही, हे अर्जात तारीखवार मांडणे वेगळे आणि नुसते गाऱ्हाणे घालणे वेगळे.

आता साधने. बाजारात स्वयंचलित यंत्रे मिळतात, ऐपत असेल त्याने जरूर घ्यावीत. पण आरंभाला एक नरसाळे पुरते. ज्याच्या तोंडाचा व्यास बरोबर १६ सेंटिमीटर आहे आणि ज्याचे काठ उभे आहेत असे नरसाळे घ्यावे आणि खाली कॅन ठेवावा. कॅनमधले पाणी मोजपात्रात ओतावे. दर २० मिलीलिटरला एक मिलीमीटर पाऊस, असा सोपा हिशेब बसतो. कॅन पाच लिटरचा हवा. आपल्याकडच्या जुलैत लहान बाटली रातोरात भरून वाहते आणि त्या दिवसाचा आकडा कायमचा हातचा जातो. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच व अगदी सपाट असावा. जवळच्या भिंतीची वा झाडाची जितकी उंची, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर ते ठेवावे. पागोळ्यांखाली तर कधीच नको.

तापमापक उन्हात टांगू नये, कारण मग तो हवेचे नव्हे, आपल्याच अंगाचे तापमान सांगतो. झडपांची पांढरी लाकडी पेटी, तिचे दार उत्तरेकडे, उंची जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, एवढे सांभाळावे.

वाचन रोज सकाळी साडेआठला करावे. आपले हवामान खाते मागील चोवीस तासांचा पाऊस याच वेळी मोजते व त्याच तारखेला लिहिते. वेळ एक ठेवली तरच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. अडीच मिलीमीटर वा त्याहून अधिक पडला तर तो दिवस पावसाचा धरतात. एका गुंठ्यावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी, हे गणित मी मुलांना अंगणातच करावयास लावतो.

पाऊस केव्हा येतो हे आपले पूर्वज नीट ओळखून होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरते. रमजान कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात. त्यावर पेरणी बेतता येत नाही. म्हणून दख्खनेत शुहूर सन चालला. त्याच्या आकड्यांची नावे अरबी, पण वर्षारंभ सूर्य मृग नक्षत्रात जाई तेव्हा. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो जागोजाग भेटतो. मृग केव्हा लागतो हे पंचांग सांगते. किती बरसला, हे मात्र मापकच सांगतो.

अशा लहान आकड्यांचे मोल किती, याचे एक उदाहरण देतो. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९०४ पासून वीस वर्षे त्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी देशोदेशीच्या केंद्रांवरील जुन्या नोंदी एकत्र करून ताडून पाहिल्या. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा तो प्रचंड झोका जगाला कळला, ज्याचा आपल्या मोसमी पावसाशी संबंध आहे. त्या नोंदी करणाऱ्यांची नावे आज कोणी सांगणार नाही. त्यांनी आपापला आकडा रोज खरा लिहिला, एवढेच.

येथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. कोरड्या दिवशी शून्य लिहावे. मापन झालेच नाही तर जागा कोरी सोडावी. शून्य आणि कोरी जागा एक नव्हेत: शून्य म्हणजे "पाहिले, पाऊस नव्हता", कोरी जागा म्हणजे "पाहिले नाही". आमचे अब्बा वारले त्या दिवशी पाऊस होता. सकाळी कोणी अंगणात गेले नाही. पुढे शेजाऱ्यांना विचारून, शहराचा आकडा पाहून ती ओळ भरता आली असती. ती मी कोरी ठेवली आहे, आणि माझ्या वहीतली ती सर्वांत खरी ओळ आहे असे मी मानतो. अंदाजाने भरलेला एक आकडा शेजारच्या शंभर खऱ्या आकड्यांवर संशय आणतो. प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मागाहून प्रयोग करणारा विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्याला उपदेशाने जे पटत नाही, ते तीन महिने पाऊस मोजल्याने पटते.

म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे. वसतिगृहाच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवावा व एक पक्क्या बांधणीची वही द्यावी. दर महिन्याला दोन मुलांकडे किंवा मुलींकडे ते काम सोपवावे; एक आजारी पडला तर दुसरा आहेच. येत्या मृगापासून आरंभ करावा. पन्नास वर्षांनी शताब्दीच्या सभेत येथे कोणी बोलावयास उभा राहील, तेव्हा त्याच्या हाती आठवणींबरोबर पन्नास पावसाळ्यांचा हिशेबही असावा. मापकाचे पहिले वर्षभर मी स्वतः येऊन शिकवीन.