दूरसंचाराचा पंच आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. ते आपणांस माझ्याइतकेच ठाऊक आहे. नसते तर ही शाळा उभीच राहिली नसती. म्हणून मी आज थोडा वेगळा विषय घेतो. आपल्या खिशातील मोबाईल स्वस्त कसा झाला, तरीही कित्येक वाड्यांवर त्याला रेंज का मिळत नाही, आणि त्याबाबत आपण काय करू शकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

माझे वडील आखातात नोकरीला होते. त्यांच्याशी बोलायचे म्हणजे आईने तालुक्याच्या गावी जायचे आणि फोनच्या बूथवर रांगेत उभे राहायचे. मीटरवरचे आकडे पळू लागले की तिचे अर्धे बोलणे ओठांतच राही. आपल्यापैकी अनेक घरांची ही कहाणी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाईल संभाषण केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे पडत.

हे दर खाली आले ते कंपन्यांच्या स्पर्धेमुळे. पण स्पर्धा म्हटली की पंच लागतो. पूर्वी सरकारचे दूरसंचार खाते स्वतः फोनची सेवा देई, परवानेही तेच देई आणि नियमही तेच करी. गावच्या क्रिकेट सामन्यात एका संघाच्या कप्तानानेच पंचाची टोपी घालावी, तसा हा प्रकार. म्हणून १९९७ साली कायदा करून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. २००० साली कायद्यात दुरुस्ती होऊन तंटे सोडवण्याचे काम वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेले.

या पंचाने काय केले? २००३ साली येणारे कॉल फुकट झाले. २०११ च्या जानेवारीपासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळाली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, तर पहिलीने दुसरीला मिनिटामागे १४ पैसे द्यावे लागत. ते २०१७ साली ६ पैसे झाले आणि २०२१ च्या जानेवारीपासून पूर्ण बंद झाले. २०१६ साली, ठराविक संकेतस्थळे स्वस्तात किंवा फुकट आणि बाकीची महाग, असा भेद कंपन्यांनी करू नये, असा नियम ट्रायने केला. तो करण्यापूर्वी लोकांचे मत मागवले होते, आणि लाखो नागरिकांनी ते लिहून कळवले. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता दुसरी बाजू. मोबाईलचे बोलणे हवेतून रेडिओ लहरींवर जाते. या लहरींच्या पट्ट्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. जमीन मर्यादित असते तसा हा पट्टाही मर्यादित आहे, आणि तो राष्ट्राच्या मालकीचा आहे. तो कोणाला व कोणत्या भावाने द्यावा याची ट्राय फक्त शिफारस करते. निर्णय सरकारचा असतो. २००८ साली 'प्रथम येईल त्यास प्रथम' या पद्धतीने स्पेक्ट्रमसह दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. तेव्हापासून लिलावाचा मार्ग रूढ झाला.

पण लिलावातही पंचाचा अंदाज चुकू शकतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो आणि भिंतींतूनही बरा आत शिरतो, म्हणजे विखुरलेल्या वाड्यांना तो उपयोगी. २०१६ साली ट्रायच्या शिफारशीनुसार त्याची किमान किंमत दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये ठेवली गेली. एकाही कंपनीने तो घेतला नाही. २०२१ साली किंमत ६,५६८ कोटींवर आली, तरीही गिऱ्हाईक नाही. २०२२ साली ३,९२७ कोटींवर आणल्यावर तो विकला गेला, तोही एकाच कंपनीला. म्हणजे सहा वर्षे हा पट्टा कोणा ग्राहकाच्या कामी आला नाही आणि सरकारच्या तिजोरीतही त्याची भर पडली नाही. मधल्या काळात, २०२० साली, शाळा बंद पडल्या आणि कोकणातली मुले रेंज शोधत डोंगरावर जाऊन बसली. त्या वेळी हा पट्टा विकलेला असता तर प्रत्येक वाडीत टॉवर आला असता, असे मी म्हणणार नाही. स्पर्धा गिऱ्हाइकाच्या मागे धावते. जिथे वीस घरे तिथे कोणतीही कंपनी आपखुशीने टॉवर उभारत नाही. त्यासाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून सरकार निधी घेते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला डिजिटल भारत निधी असे नाव दिले आहे. निधी आपल्याच बिलांतून जमतो. तो आपल्या वाडीपर्यंत यावा म्हणून मात्र मागणी करावी लागते.

एकेकाळी दहाहून अधिक कंपन्या होत्या. आज तीन खासगी आणि मुख्यतः एक सरकारी उरली आहे. खेळाडू कमी झाले की पंचाने अधिक जागरूक राहावे लागते, आणि प्रेक्षकांनीही.

म्हणून पालकांना माझी विनंती अशी. २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपली रेंज कुठे आहे याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवायचा आहे. आपल्या मुलाला तो उघडायला सांगा. नकाशात आपली वाडी रंगवलेली असेल आणि फोन मात्र मुका असेल, तर आधी कंपनीकडे तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. ट्राय एकेकट्याची तक्रार चालवत नाही. पण ग्राहक आयोगाचा दरवाजा मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे. नवा नियम करण्यापूर्वी ट्राय मसुदा प्रसिद्ध करते आणि लोकांचे मत मागवते. कंपन्यांचे वकील आणि अभियंते पानेच्या पाने उत्तरे पाठवतात. आपल्या तालुक्यातून किती जातात? आपण तक्रार चहाच्या टपरीवर करतो आणि टपाल मात्र कोरे राहते. वाचणारा, समजणारा आणि लिहिणारा माणूस आपल्यातून निघाला पाहिजे. गणित आणि विज्ञान शिका, कायदा शिका, इंग्रजीची भीती टाका. आणि मग आपल्या वाडीच्या वतीने एक पानभर तरी लिहून पाठवा.

माझ्या आईला मीटरच्या भीतीने बोलणे आवरावे लागे. आज मीटर गेला आहे. आता आपण गप्प राहण्याचे कारण नाही.