छंद सभासदांचा, भाकरी सेवकांची



छंदाच्या संस्थेविषयी बोलू लागलो की आपण खेळाविषयी बोलतो, कलेविषयी बोलतो, फार तर पदाधिकाऱ्यांच्या भांडणांविषयी बोलतो. त्या संस्थेच्या कचेरीत महिनाअखेर पगाराची वाट पाहणारी माणसेही असतात, हे आपल्या ध्यानी येत नाही. आणि येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अशाच एका संस्थेची हकीकत आम्ही आज आपणापुढे ठेवणार आहोत. संस्था अमेरिकेतील आहे. पण तिच्यापासून घ्यावयाचा बोध अमेरिकेपुरता नाही.

अमेरिकन कॉन्ट्रॅक्ट ब्रिज लीग १९३७ साली दोन जुन्या संस्थांच्या मीलनातून निघाली. तिची कचेरी मिसिसिपी राज्यातील हॉर्न लेक या गावी आहे, आणि तिचा कारभार अमेरिका, कॅनडा, मेक्सिको व बर्म्युडा येथवर पसरलेला आहे. २०२० पूर्वी तिचे सभासद दीड लाखाहून अधिक होते. हे सारे पत्त्यांच्या एका खेळासाठी! पण हा खेळ आपल्या ओसरीवरच्या पत्त्यांसारखा नव्हे. स्पर्धेतील ब्रिजमध्ये वाटलेले पत्ते एका चौकटीत ठेवून टेबलामागून टेबल फिरवतात. तेच हात सर्वांना खेळावे लागतात, म्हणून नशिबाला फारसा वाव राहात नाही.

आता ही सचोटी फुकट मिळत नाही. डाव चुकला, बोली उलटसुलट झाली, तंटा पडला, की निवाडा देणारा पंच लागतो. गावोगाव फिरून स्पर्धा चालविणारे असे संचालक लीगने पगारावर ठेवले होते. शिवाय प्रत्येक खेळाडूने जन्मभरात मिळविलेल्या ‘मास्टरपॉइंट’ गुणांची नोंद ठेवणारे, मासिक काढणारे, क्लबांच्या पत्रांना उत्तरे देणारे लोक कचेरीत होते. सभासद खेळतात ते हौसेने. हे लोक राबतात ते पोटासाठी.

यांचा पगार येई कोठून? सभासदांची वर्गणी हा एक झरा. दुसरा झरा टेबलांचा: क्लबात जितकी टेबले मांडली जातील, तितकी फी मध्यवर्ती संस्थेला पोचते. तिसरा झरा स्पर्धांचा. प्रादेशिक शाखा स्पर्धा भरवितात, आणि मान्यतेबद्दल व संचालकांच्या सेवेबद्दल लीगला पैसे देतात. वर्षातून तीन वेळा मोठी राष्ट्रीय स्पर्धा भरते, ती निराळीच. श्रोतेहो, यांतील दोन झरे माणसे एकत्र येण्यावर अवलंबून आहेत, हे लक्षात घ्यावे. मेळा भरला तर पैसा. पगार मात्र मेळा भरो वा न भरो, दर महिन्याला देणे प्राप्त.

२०२० च्या मार्चमध्ये ओहायोतील कोलंबस येथे वसंतातील राष्ट्रीय स्पर्धा भरावयाची होती. कोरोनाच्या साथीने ती रद्द झाली. पुढे मॉन्ट्रियलची गेली, टॅम्पाची गेली. प्रत्यक्ष राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा भरली ती २०२१ च्या अखेरीस, ऑस्टिन येथे. हा खेळ साथीला अगदीच धार्जिणा: बंद खोली, चौघे समोरासमोर, तेच पत्ते शेकडो हातांतून फिरणार, आणि खेळणाऱ्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा. क्लब बंद झाले, टेबले उठली आणि लीगने सेवकांना कमी केले.

अमेरिकेत ही गोष्ट आपल्याला वाटते त्याहून कठोर असते. तेथे बहुतेक खाजगी नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर चालतात, आणि पुष्कळांचा आजारपणाचा विमाही नोकरीशीच बांधलेला असतो. साथीच्या ऐन दिवसांत नोकरी जाणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घराचे छप्पर जाणे होय. सरकारने मार्च २०२० च्या कायद्याने पगारासाठी कर्जे दिली. पण धर्मादाय संस्थांना जे दार उघडले, ते सर्वच सभासद-संस्थांना प्रारंभी उघडले नव्हते.

पुढची गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की खेळ मेला नाही. क्लबांनी संगणकावर डाव मांडले, ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर हजारो वृद्ध घरबसल्या खेळू लागले, आणि फीचा वाटा लीगकडे पुन्हा येऊ लागला. परंतु पैसा परतला तरी जुनी कामे तशीच परतत नाहीत. यंत्र पत्ते वाटते, यंत्रच गुण मोजते. स्पर्धेसाठी गाव पालथे घालणाऱ्या संचालकाला त्यात काय काम? उलट घरबसल्या होणाऱ्या लबाडीच्या तक्रारी वाढल्या, आणि त्या तपासायला जाणती माणसे हवीच होती. जाणता माणूस एकदा घालविला, की तो बाजारात विकत मिळत नाही.

मग कपात अन्यायाची होती काय? आम्ही तसे म्हणणार नाही. तिजोरी रिकामी करून संस्था बुडविणे ही सेवकांवरची दया नव्हे. पण निर्णय ज्या दिवशी होतो, त्या दिवशी तो घडत नसतो. तो चांगल्या वर्षांत घडतो. मेळ्याच्या उत्पन्नावर कायमचे पगार उभे केले, आणि वर्गणी सभासदांना रुचेल इतकीच ठेवली, तेव्हाच तो झालेला असतो. आपल्या छंदाची पुरी किंमत सभासद देत नाहीत. उरलेली जोखीम कारकुनाच्या खांद्यावर जाते, आणि त्याला ती कोणी विचारून दिलेली नसते.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. स्थिर पगार शक्यतो वर्गणीतून भागावेत. मेळ्याच्या उत्पन्नातील एक भाग केवळ सेवकांच्या पगारासाठी राखून ठेवावा, आणि त्याला सभागृहाच्या नव्या पंख्यांसाठी हात लावू नये. आणि कपात अटळच झाली, तर आधी तास कमी करावेत, वरच्यांचे वेतन आधी कापावे, आणि हिशेब सेवकांपुढे उघडा ठेवावा. सभासदांचेही एक कर्तव्य आहे: ज्या वर्षी खेळ होत नाही, त्याच वर्षी वर्गणी भरण्याचे खरे मोल असते.

आपल्या गावची वाचनालये, जिमखाने, नाट्यसंस्था घ्या. तेथेही एखादा कारकून असतो, एखादा शिपाई असतो. आणि त्यांचा पगार पुष्कळदा एखाद्या वार्षिक कार्यक्रमाच्या तिकिटांवर टेकलेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय जुनी आहे. येत्या वार्षिक सभेत ताळेबंद हाती आला, की एकच प्रश्न विचारा: पुढल्या वर्षी कार्यक्रम झालाच नाही, तर आपला शिपाई किती महिने पगार घेऊ शकेल? त्याचे उत्तर मिळेपर्यंत ताळेबंद मंजूर करू नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.